चूल बंद होती ती सकाळ

वृद्धाश्रम तपासायला जायचं तर आधी नाक घेऊन जावं, डोळे मागाहून. हे मला कुणी शिकवलं नाही, नोकरीत कळलं. डोळ्यांना फसवणं सोपं. आदल्या दिवशी चादरी बदलता येतात, भिंतीवर देवाचं नवं कॅलेंडर टांगता येतं, म्हाताऱ्यांच्या दाढ्या करून त्यांना ओळीनं व्हरांड्यात बसवता येतं. वास मात्र एका दिवसात जात नाही. गाद्यांत मुरलेल्या मुतावर कितीही फिनाइल ओता, दोन्ही वास एक होऊन डोकं उठतं. म्हणून मी कुठंही गेले की ऑफिसात बसून चहा पीत नाही. 'बसा मॅडम, बसा' चाललेलं असतं, बसायला कदेल पुढं ओढलेली असते, आणि मी सरळ नहाणीघराच्या दिशेला. बाई फटकळ आहे म्हणतात. म्हणोत बापडे.

पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांतली अशी घरं माझ्याकडं असतात. काही चांगलीही आहेत, खोटं कशाला बोलू. पण वाईट बघितलेलं विसरत नाही. एका ठिकाणी म्हाताऱ्याला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधलेला पाहिला. का, तर म्हणे रात्रीचा उठून चालतो आणि पडतो. गाठ इतकी घट्ट बसली होती की सुटेना, कात्री मागवावी लागली, आणि सोडल्यावरही त्यानं हात तिथंच धरून ठेवला. दुसऱ्या एका घरात पाठीच्या जखमेत हळद भरून वर प्लास्टिकची पिशवी चिकटवलेली. त्या दिवशी मी घरी आले आणि ताटावरून उठले. नवरा म्हणाला, सोड ही नोकरी. सोडून काय करू? मी सोडली तर दुसरं कोणी जाईल, चहा पिईल, सही करील आणि येईल.

ज्या घराची गोष्ट सांगते ते हळर्णच्या बाजूला, मुख्य रस्त्यावरून आत, काजूच्या बागायतीत. पूर्वी तिथं काजूचं गोदाम होतं. गोदामाच्या भिंती पाडून खोल्या केल्या, पुढं व्हरांडा काढला, फाटक बसवलं, झाला वृद्धाश्रम. विसेक माणसं राहायची. बहुतेक इथलीच, थोडी दोडामार्ग-सावंतवाडीकडची. त्या घराबद्दल माझ्याकडं तक्रार अशी नव्हती. वर्षाची नेहमीची तपासणी होती, न कळवता जायची. माझ्याबरोबर डॉक्टर यायचे होते, त्यांना ऐनवेळी दुसरं काम निघालं. तेव्हा मी आणि जीपचा ड्रायव्हर, दोघंच.

काजूचे दिवस होते. सगळ्या वाटेवर बोंडांचा आंबूस वास भरलेला. पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. फाटकाच्या कडीला पाववाल्या पदेरानं अडकवलेली उंड्यांची पिशवी तशीच लोंबकळत होती. अशा घरात ह्या वेळेला टीव्ही तरी लागलेला असतो, नाहीतर कोणीतरी कोणाच्या नावानं ओरडत असतं. इथं काहीच नाही. मला वाटलं, कोणीतरी आमची खबर आधीच दिली आणि सगळ्यांना दम देऊन बसवलंय. तिडीकच गेली डोक्यात.

व्हरांडा चढले आणि समोरच्या खोलीत बघितलं तर जमिनीवर मढं.

गोधडीवर आडवं घातलेलं, अंगावर पांढरी चादर, डोक्याशी समई. मॅनेजर, पेडण्याचाच एक मध्यम वयाचा माणूस, लगबगीनं पुढं आला. हात जोडलेले, डोळे लाल. त्याचे डोळे लाल आहेत हे बघून माझा आवाज खाली आला.

"मॅडम, आज तपासणी नको," तो म्हणाला. "आमचे आबा गेले. सकाळी चाय घेवन गेली पोरगी तर गार पडलेले. झील बेंगळुराक असता. इमानात बसलोहा. मोप्याक उतारलो काय थेट हयच येतलो. तेणां सांगलाहा, मी तोंड बघीसर आबांका हलवू नकात."

आबा म्हणजे कोण ते त्यानंच सांगितलं. पेडण्याच्या बाजारात कापडाचं दुकान चालवलेला माणूस, बायको मागंच गेलेली, मुलगा बेंगळुरूला, गेली काही वर्षं इथं. मी चप्पल काढली, आत जाऊन नमस्कार केला. परत फिरावं असं एकदा मनात आलं. पण इतक्या लांब आले होते, आणि खरं सांगायचं तर माझा ह्या लोकांवर विश्वास नसतो. मेलेल्या माणसाच्या आडून जिवंतांचे हाल लपवणारीही घरं मी पाहिली आहेत. म्हटलं, कोणाला त्रास न देता जेवढं बघता येईल तेवढं बघून जाते.

नहाणीघरात गेले. फरशी ओली, बुळबुळीत. संडासाशेजारी धरायला दांडी होती, ती मी धरून बघितली तर स्क्रूसकट हातात आली. आग विझवायचं नळकांडं व्हरांड्यात होतं, पण त्याच्यावर कोणीतरी लुंगी वाळत घातलेली. पुरुषांच्या खोलीत एका आजोबांच्या टाचेला जखम, बरीचशी भरत आलेली, पट्टी स्वच्छ. म्हणजे कोणीतरी लक्ष घालत होतं. वास होता, पण जीव घेणारा नव्हता. माझ्या मनात घराला बऱ्यापैकी गुण पडायला लागले होते.

मग मी स्वयंपाकघरात गेले.

रांदपीण बाई पायरीवर बसून होती, पदर डोक्यावरून घेतलेला. गॅस बंद, टोपं पालथी, ओटा कोरडा. मोरीत चहाची पत्ती सांडलेली, म्हणजे केलेला चहा ओतून दिलेला. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "मडां आसा न्हय घरात." मी मान हलवली. ह्यात मला काही विचारायचं नव्हतं. आमच्या मये गावातही वाड्यावर कोणी गेलं की मढं बाहेर पडेपर्यंत आजूबाजूच्या कुठल्याच घरात चूल पेटत नाही. पोरांना शेजारच्या वाड्यावर नेऊन काहीतरी खाऊ घालायचं, मोठ्यांनी तसंच राहायचं. कोणी शिकवायला नको, लहानपणापासून अंगात बसलेलं असतं. उलट मला बरंच वाटलं. घरच्यांनी आणून टाकलेली ही माणसं, आणि त्यांच्यातल्या एकासाठी एका परक्या बाईनं चूल बंद ठेवली. मी बाहेर पडले ती मनात तिला धन्यवाद देत.

बायकांच्या खोलीच्या दारात पोचले तर आतून पोरीचा रडका आवाज. "आजी, घी गो. घी ना. एक घोट."

ती तिथली नर्स. दोडामार्गाकडची, कोर्स करून आलेली, विशीतली. जनेलाजवळच्या खाटेवर एक काटकुळी म्हातारी बसली होती, पाठ भिंतीला टेकलेली. पोरीच्या हातात साखरपाण्याचा पेला. म्हातारीचं कपाळ घामानं डबडबलेलं, चोळी ओली चिंब, हाताला कापरं, आणि ओठ असे मिटलेले की जन्मात उघडायचे नाहीत. काजूच्या दिवसांत घाम सगळ्यांनाच येतो. पण हा तसला घाम नव्हता. माझी आई साखरेची पेशंट होती. तिचा असला घाम मी बघितलाय. 

"हिका इन्सुलिन आसा?" मी विचारलं.

"होय मॅडम."

"आज दिलंस?"

"सकाळीच दिलां. रोजच्या टायमाक." पोरीला हुंदका आला. "मगे चाय न्हेवक गेलंय तर आबा... आणि चूल बंद झाली."

अरे देवा. इंजेक्शन दिलं तेव्हा आबा गेलेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अंगात औषध गेलेलं, त्याच्यामागून रोज चहा-उंडा जायचा, मग पेज जायची, आणि आज पोटात अन्नाचा कण नाही. बाकीच्यांचं तसं नव्हतं. गोळ्यावाल्यांना पोरीनं कोपऱ्यात नेऊन बिस्किटं चारली होती, त्यांनीही पदराआड गुपचूप खाल्ली होती. हिनं मात्र काही घेतलं नव्हतं. साखर तपासायचं मशीन होतं, त्याच्या पट्ट्या संपल्या होत्या. "मागवलेल्या आसत," पोरगी म्हणाली. मागवलेल्या! माझ्या तोंडात शिवी आली ती मी गिळली. त्या पोरीचा काय दोष, ती मागवते आणि वरचे आणत नाहीत.

ड्रायव्हरला हाक मारून १०८ ला फोन लावायला सांगितला. गाडी महामार्गावर अपघाताला गेलीय, येते म्हणाले. किती वेळात, ते त्यांनाही सांगता येईना. जीपमधून न्यायचं तर तेवढ्या वाटेत काय होईल सांगता येत नव्हतं. साखर आत्ताच्या आत्ता पोटात जायला हवी होती.

मी खाटेवर बसले. "मावशे, तोंड उघड."

तिनं माझ्याकडं बघितलं पण मी तिला दिसत होते की नाही कुणास ठाऊक. "गेलो?" तिनं विचारलं.

"कोण?"

"आबा. मडां भायर सरला?"

"नाय अजून. झील येवचो आसा तेचो."

"मगे माका नको."

मी समजावलं, चुचकारलं, मग ओरडले. ओरडल्यावाचून मला राहवतच नाही. "मरशील गो! हय बसल्याबसल्या मरशील!" तिनं मान फिरवली. बोटावर साखर घेऊन मी तिच्या ओठांत घालायला गेले तर तिनं कचकन चावलं. रक्त आलं. साखर कमी झाली की माणूस असं करतं, शहाणंसुरतं माणूस लाथा मारतं, शिव्या देतं, हे मला माहीत होतं, पण तिचं नुसतं तेवढंच नव्हतं. तिचं काहीतरी ठरलेलं होतं. रांदपीण दारात येऊन उभी राहिली होती, ती म्हणाली, "ती दर टायमाक असाच करता मॅडम. हय कोण पण गेला काय मडां जायसर पाणी पण घेना नाय. मागच्या टायमाक सांजेचा माणूस गेलेला, रातभर तशीच बसली." तेव्हा निभावलं, कारण संध्याकाळचं जेवण पोटात होतं. आज सकाळ होती.

तिची मान एका बाजूला कलायला लागली. शब्द जड झाले. "गेलो... गेलो काय?" एवढंच पुन्हा पुन्हा. शुद्ध गेली की मग पेल्यानं पाजताही येत नाही, घशात अडकतं. मी जनेलातून बाहेर बघितलं. समोर अंगण, अंगणाच्या पलीकडं फाटक, फाटकाबाहेर पावसाळ्याचं पाणी जायचा चर, आणि चराच्या पलीकडं काजूचं एक पसरट झाड.

मी उठले आणि मॅनेजरकडं गेले.

"आबांना बाहेर काढा," मी म्हटलं.

त्याला आधी कळेचना. मग कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, मी शब्द दिलोहा तेच्या झिलाक. तो वाटेर आसा. मानसाक अशी भायर फाटकाकडे..."

"एक गेलो तो गेलो," मी म्हटलं. "ही गेली तर हिच्या झिलाक पण बोलव, दोघांक एकाच गाडयेन न्हेवया. उचल म्हणतंय मी!"

"न्हाणयलेले पण नाय हत तेंका."

"उचल!"

मी सरकारी माणूस म्हणून त्यानं ऐकलं, की मी वेड्यासारखी किंचाळले म्हणून, मला माहीत नाही. रांदपिणीनंच सांगितलं की कुंपणाच्या आत कुठंही ठेवलं तर ते घरातच धरतात, चर ओलांडायला हवा. गोधडीची चार टोकं धरायला मॅनेजर, माझा ड्रायव्हर, फाटकावरचा राखणदार. चौथं कोणी नव्हतं. मीच धरलं. बायकांनी मढं उचलायचं असतं की नसतं हे त्या वेळी कोणी काढलं नाही. नर्सला सांगितलं, तिला जनेलाकडं तोंड करून धर, दिसलं की सांग गेलो म्हणून, आणि साखर तयार ठेव.

आबा अंगानं भारी होते. अंगणात एकदा माझ्या हातातलं टोक निसटलं आणि त्यांचं डोकं एका बाजूला झालं. मी "चुकलं हो, चुकलं" म्हणत राहिले, मेलेल्या माणसाला. फाटकातून बाहेर, चर ओलांडून, काजूच्या सावलीत नेऊन ठेवलं. खाली पिकलेली बोंडं पडलेली, त्यांवर माश्या. ड्रायव्हरनं पायानं बोंडं बाजूला केली. सावली पुरी पडत नव्हती, तोंडावर ऊन येत होतं, म्हणून मी जीपमधली माझी छत्री आणून उघडून त्यांच्या डोक्याशी ठेवली.

मागं वळून बघितलं तर जनेलात म्हातारीचं तोंड दिसलं. दोन्ही हात तिनं कसेबसे जोडले होते. पोरगी तिच्या कानाशी काहीतरी सांगत होती. मग पेला तिच्या तोंडाकडं गेला आणि बाजूला झाला नाही.

मी धावत आत गेले. "घेतल्यान मॅडम, घेतल्यान," पोरगी रडत होती आणि हसत होती. पाण्याचा पेला संपला, मग नुसती साखर, मग उंड्याचा मऊ भाग पाण्यात बुडवून. रांदपिणीनं तोवर समोरच्या खोलीत पाणी शिंपडून केर काढला आणि गॅस पेटवला. पेज शिजली. म्हातारीचा घाम ओसरला, हाताचं कापरं थांबलं, डोळ्यांत माणूस परत आलं. मी भिंतीला टेकून तिथंच खाली बसले. 

रुग्णवाहिका आली ती फाटकापाशीच थांबली. त्यांना झाडाखाली माणूस दिसला, हाच पेशंट समजून दोघं स्ट्रेचर घेऊन त्याच्याकडं धावले. चादर बाजूला केली, आणि मग त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं ते मी सांगत नाही. आत येऊन त्यांनी तिची साखर तपासली. वर येत होती. अंगात ग्लुकोज चढवलं, थोडं थांबले, खायला देत राहा, परत तपासा, म्हणाले आणि पट्ट्यांची एक डबी पोरीच्या हातात देऊन गेले.

ते गेले तेवढ्यात टॅक्सी आली.

मुलगा चाळिशीतला, ऑफिसला जातात तसले कपडे. तोही फाटकाशीच उतरला. उतरताना पैसे द्यायला हात खिशात गेला तो तिथंच राहिला, कारण समोर बाप. रस्त्याच्या कडेला, बायकी छत्रीखाली, आजूबाजूला सडकी बोंडं. त्यानं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं.

"मी ठेवायला सांगितलं," मी म्हटलं. आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. भरभर सांगितलं, इन्सुलिन, म्हातारी, चूल. त्यानं ऐकून घेतलं. तो काही आडमुठा माणूस नव्हता.

"तुमचे वडील असते तर?" त्यानं विचारलं.

 तो खाली बसला आणि बापाच्या गालाला चिकटलेली मुंगी त्यानं बोटानं काढली.

आता पुढचा पेच. आबांना न्हाणवायचं होतं, नवं धोतर नेसवायचं होतं, तिरडी बांधायची होती. हे सगळं घरात, निदान अंगणात करायचं असतं. मुलगा म्हणाला, आत घेऊया. पण एकदा उंबरठ्याबाहेर गेलेलं मढं परत आत आणत नाहीत. हे त्यालाही माहीत होतं, मॅनेजरलाही, मलाही. रांदपीण तर आडवीच उभी राहिली. तेव्हा सगळं तिथंच, रस्त्यावर. स्वयंपाकघरातून बाल्द्या भरभरून बाहेर न्यायला लागले. काजूच्या फांद्यांना दोन चादरी बांधून आडोसा केला. वाटेनं जाणारे मोटारसायकलवाले थांबून बघत होते. मुलगा उघड्या अंगानं बापाच्या डोक्यावर तांब्या ओतत होता. माझी छत्री त्यानं मिटून, नीट गुंडाळून बाजूला ठेवली होती. त्यानं ती भिरकावली असती तर मला सोसलं असतं.

पुढं मी अहवालात जे लिहायचं ते लिहिलं. ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन टोचायचं नाही. मयताच्या दिवशी देण्यासाठी चुलीवाचूनचं खाणं भरून ठेवायचं. पट्ट्या संपू द्यायच्या नाहीत, नहाणीतली दांडी भिंतीत सिमेंटनं बसवायची. त्यांनी सगळं केलं, मी नंतर जाऊन बघितलं. मॅनेजर माझ्याशी कामापुरतं बोलतो. मुलानं माझ्याविरुद्ध वर लिहून दिलं होतं, मला बोलावून विचारलं, मी झालं ते सांगितलं, आणि मला समज देऊन सोडलं. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, हेही मी तिथं सांगून आले. माणूस मरत असेल तर मी मढ्याची भीड धरणार नाही.

पण त्या दिवशी निघण्याआधी मी बायकांच्या खोलीत गेले. जीव वाचला होता, एकदा डोळे भरून बघावं म्हटलं. शाबासकी घ्यायलाच गेले होते म्हणा ना. म्हातारी जनेलाला टेकून बसली होती. हातात पेजेची वाटी, तोंडाला न लावलेली कुलेर त्यात तशीच. ती बाहेर बघत होती. चादरींच्या आडोशाखालून पाणी वाहत चरात उतरत होतं, ते तिथून स्पष्ट दिसत होतं.

"तो आसा अजून," ती म्हणाली.

मी तिच्या खाटेच्या कडेवर टेकले.

"तू उचललंस तेका. मी बघलंय. माका वाटला, न्हेतत." तिचा आवाज आता अगदी स्वच्छ होता, एकेक शब्द सुटा. "माका म्हणाली ही पोरगी, गेलो."

"मावशे, तुझी साखर..."

"माझो घोव गेलो तेव्हा मी हयच होतंय, ह्याच खाटेर," ती म्हणाली. "तो थय घरात गेलो, डिचोलीक. झिलान हेंका सांगान ठेवलेल्यान, आवशीक कळवू नकात, प्रेशर वाढात तिचा. त्या दिसा हय बांगड्यांची आमटी होती. बरी झालेली. मी परत मागान घेतलंय. मगे झील इलो तो डोक्याचे केस काढलेलो. विचारलंय तर म्हणता उष्मो होता म्हणान काढलंय. आणि माझ्या कपाळार कुकू. तेच्या समोर मी कुकू लावन बसलेलंय."

शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडं तोंड करून निजली होती. ती जागी होती, पण वळली नाही.

"घोव मडां होवन पडलेलो आणि मी हय बोटां चाटी होतंय," म्हातारी म्हणाली. "तेव्हापासून हय कोण पण जावंदे, मी तोंडात काय घेणंय नाय. तेच्यासाठी राखूक गावला नाय, दुसऱ्यासाठी तरी राखूया. आणि आज तू पण माका तसाच जेवक घातलंस."

मला राग आला. तिचा, तिच्या झिलाचा, त्या मशीनच्या पट्ट्यांचा, सगळ्याचाच. "अगो, मेली असतंस तू!" मी म्हटलं. "कळता तुका? आज तू मेली असतंस!"

तिनं वाटी माझ्या हातात दिली.

"मेलंय असतंय तर माझ्यासाठी चूल बंद रवली असती," ती म्हणाली. "घरची रवात काय नाय, देवाक म्हायती. हयची रवली असती."